गोटी का पडली?

शाळेविषयी लिहायचं म्हटल्यावर मला सर्वांत आधी आठवली ती काचेची एक गोटी.

वर्तुळाकार गतीचा धडा चालू होता. बाईंनी प्लास्टिकची लवचीक पन्हाळ वाकवून तिचा उभा गोल वळसा केला आणि स्टँडला घट्ट बांधला. त्रिज्या 10 सेंटीमीटर. "किती उंचीवरून सोडली तर गोटी वळसा पुरा करेल?" सगळा वर्ग ओरडला, "20!" वळशाचा माथा तेवढाच उंच होता ना! गोटी सुटली, चढली आणि माथ्याच्या अलीकडेच पन्हाळ सोडून टेबलावर आदळली.

बाईंनी खडू घेतला. सगळी ऊर्जा उंची गाठण्यातच संपली, तर माथ्यावर वेग कुठून उरणार? तिथे गोटीचं सगळं वजन तिला वळवण्यातच खर्ची पडावं, निदान एवढा तरी वेग हवा. समीकरण सुटलं: उंची त्रिज्येच्या अडीचपट. वस्तुमान दोन्हीकडून कटलं. म्हणजे असाच वळसा घेणाऱ्या, मनोरंजन उद्यानातल्या रोलर कोस्टरचा डबा माणसांनी भरलेला असो की रिकामा, हे उत्तर तेच.

25 सेंटीमीटरची खूण केली. गोटी पुन्हा पडली.

वर्ग चिडीचूप. बाई म्हणाल्या, "अरे, ती नुसती पुढे जात नाही, स्वतःभोवती फिरतेय. त्या फिरण्याला ऊर्जा कोण देणार?" न घसरता लोळणाऱ्या भरीव गोळ्याच्या गतिज ऊर्जेचा 2/7 भाग फिरण्यातच जातो. तो धरला की अडीचपटीचे 2.7 पट होतात, वर घर्षण आहेच. 30 वरून सोडलेली गोटी अख्खा वळसा घेऊन बाहेर पडली, तेव्हा आम्ही बाकांवर उभे होतो. त्या तासाला मला भौतिकशास्त्र लागलं, ते कायमचं.

पुढे रोलर कोस्टरबद्दल मिळेल ते वाचत गेलो. वळसा अचूक गोल असेल आणि गाडी तो जेमतेम पार करत असेल, तर तळाशी माणूस आपल्या वजनाच्या सहापट जोराने सीटवर दाबला जातो. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर असाच गोल वळसा बांधला होता; त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावत. 1976 साली कॅलिफोर्नियात रोलर कोस्टर बांधणारे आंतोन श्वार्त्सकोप्फ आणि अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी 'रेव्होल्यूशन' या रोलर कोस्टरचा वळसा थेंबाच्या आकाराचा केला: तळाशी गाडी वेगात असते म्हणून तिथे त्रिज्या मोठी, माथ्यावर मंदावते म्हणून लहान. किती साधा आणि किती सुंदर उपाय!

पहिल्यांदा स्वतः बसलो तेव्हा माथ्यावर, डोकं खाली असतानाही, सीट मला अलगद टेकून होती. उतरलो आणि लगेच परत रांगेत लागलो. या वेळी नजर पहिल्या चढावर होती: वळशाची उंची, अधिक माथ्यावरच्या त्रिज्येचा निम्मा भाग, अधिक घर्षणापोटी थोडी.