उभी रेघ म्हणजे क

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याकडं भावाभावांत वाटणी निघाली, म्हणून माडीवरचा जुना ४८६ कॉम्प्युटर खाली आला. १९९४ ते २००० चा सगळा हिशोब त्यातच. मशीन मेलेलं, हार्डडिस्क शाबूत.

एवढ्या जुन्या डिस्कला आजचे यूएसबी अडॅप्टर बहुतेक ओळखतच नाहीत. त्यांना एलबीए लागतं, म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक जागेला सरळ एक क्रमांक; हिला फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर असा तीन आकड्यांचा पत्ता कळतो. लेबलवरचे आकडे एका जुन्या पेन्टियम थ्री मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, हातानं भरून कॉपी काढली. तिथंच हिशोबाचा प्रोग्रॅम चालवला तर ‘रनटाइम एरर २००’. माझ्याआधी एका दुकानदारानं एवढंच बघून "डेटा करप्ट" म्हणून सांगितलं होतं. तपासणीचे पैसे घेऊन.

डेटाला काही झालं नव्हतं. प्रोग्रॅम टर्बो पास्कल या जुन्या भाषेत लिहिलेला. सुरू होताना तो घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, लूप किती वेळा फिरतो ते मोजतो आणि ५५ नं भागतो. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढं उत्तर सोळा बिटांत मावत नाही आणि पडद्यावर येतं, शून्यानं भागलं! शून्य कुठंच नसतं, मशीन जादा पळतं एवढाच गुन्हा.

नव्या कॉम्प्युटरच्या ६४ बिटांच्या विंडोजला १६ बिटांचं काही चालत नाही. म्हणून डॉसबॉक्स टाकला, नव्या मशीनमध्ये जुनं डॉसचं मशीन उभं करणारा प्रोग्रॅम, आणि त्याचा वेग, म्हणजे सायकल्स, ३००० वर ठेवला. हिशोबाचा प्रोग्रॅम निवांत सुरू झाला. गुळाच्या रव्यांचं वजन, दर, उचल, सगळं बरोबर; शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी मात्र नुसत्या रेघा. जुन्या मशीनमध्ये सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड होतं, मराठी अक्षरं ते काढायचं. ते बसतं आयएसए नावाच्या जुन्या स्लॉटमध्ये, आणि तो स्लॉट आता बोर्डावर येत नाही. पण फाइलमध्ये इस्की कोड, म्हणजे भारतीय अक्षरांसाठी ठरवलेले आकडे, तसेच होते. १७९ म्हणजे क. कार्ड नसलं की त्याच आकड्याची उभी रेघ. १८६ म्हणजे ज, दुहेरी रेघ. रात्रभर बसून तक्ता केला आणि पहाटे रेघांतून पहिलं आडनाव निघालं तेव्हा एकटाच हसलो.

दुसऱ्या दिवशी पेढीवर जुने दिवाणजी नावं मोठ्यानं वाचत होते. एका पानावर थांबले.

"ह्यांची उचल फिटून वर ४,३१२ जमा हाईत. पट्टीचे पैसे दिलेच न्हाईत आपण."

मालक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "ते पान ऱ्हाऊ दे ओ."

ते पान सोडून मी बाकीची छापली. बिल लगेच मिळालं.

चार दिवसांनी दिवाणजी दुकानात आले. "बाळ, त्या पानाचा कागद मिळंल काय? त्यांचा पोरगा हाय गावात."

"मालकांचा डेटा आहे, दिवाणजी. त्यांनी सांगितलं तर देतो."

त्यांनी मान हलवली. चहा मागवला होता, तो न घेताच गेले. कॉपी अजून माझ्या डिस्कवर आहे. ते पान मी दोनदा उघडून बघितलं.