दादरच्या लॉकरातलं कार्ड

गेल्या जुलैतली गोष्ट. सीप्झमधली आमची कंपनी लहान. एका कार्यालयातून दुसऱ्यात जाणारा डेटा कूटबद्ध करणारे डबे आम्ही बनवतो, आणि त्यातलं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारं सॉफ्टवेअर, माझ्या हातचं. त्या दिवशी पावसाने लोकल रखडल्या होत्या, तरी गिऱ्हाइकाचे सल्लागार अकराला हजर. मोठ्या टेंडरला त्यांनी दोन पानी पुरवणी जोडली होती. तिच्यात एक ओळ होती: प्रत्येक संभाषणाचं कूट उलगडणारी चावी डब्याने आणखी एका 'रिकव्हरी' चावीत गुंडाळून सोबत पाठवावी.

"सरकारला कधी लागलंच तर," ते म्हणाले. "बाकी तुमचं डिझाइन तसंच राहू दे."

सर माझ्याकडे बघत होते. मार्चचे पगार उसनवारीवर झाले होते, हे मला ठाऊक होतं.

मी विचारलं, ती रिकव्हरी चावी कोण सांभाळणार?

"ते नंतर ठरेल."

माझ्या पोटात गोळा आला. मी उठून फळ्यावर क्लिपर चिप काढली, फोनवरचं बोलणं कूटबद्ध करणारी. १९९३ साली अमेरिकन सरकारने हेच पुढे केलं होतं: प्रत्येक चिपची चावी दोन तुकड्यांत दोन सरकारी यंत्रणांकडे, आणि प्रत्येक कॉलसोबत सरकारसाठी एक जोडपट्टी. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिलं, की त्या पट्टीची पडताळणी अवघ्या १६ बिटांवर आहे. ६५,५३६ शक्यता! खोटी पट्टी तयार करून चिपला चकवता येत होतं. म्हणजे लबाड निसटणार आणि सरळमार्गी माणूस उघडा पडणार.

"जुनी गोष्ट आहे हो ती."

मग अथेन्सचं सांगितलं. तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय आधीच बसवलेली होती. २००४-०५ मध्ये कुणीतरी गुपचूप तीच वापरून शंभरावर लोकांचे फोन ऐकले. त्यात खुद्द ग्रीसचे पंतप्रधान होते. माझा आवाज चढला होता, पण मला तो आवरायचाही नव्हता. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली कारणं नोंदवून लेखी आदेश काढावा लागतो. इथे आदेशाआधीच, कुणावर संशय नसताना, सगळ्यांचंच दार किलकिलं ठेवायला सांगत होते.

बयाण्याच्या रकमेचा कागद घेऊन अकाउंट्सच्या ताई आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. आमची मूळ चावी पाच कार्डांत वाटलेली आहे. कुठलीही तीन एकत्र आल्याशिवाय तिला हात लागत नाही. एक कार्ड ताईंकडे असतं, दादरला बँकेच्या लॉकरात.

"अहो, मग आम्ही पाच जणांनी कार्डं जपायची कशाला?" त्यांनी सरळ सल्लागारांनाच विचारलं. "बाहेरचा एकटाच उघडणार असेल तर?"

सरांनी पुरवणी मिटून परत दिली. "ही अट वगळून भाव देतो."

ऑर्डर हातची गेली. ऑगस्टचे पगार दहा दिवस उशिरा झाले.

सप्टेंबरात नव्या फर्मवेअरवर सही करायला तीन कार्डं लागली. ताई दादरहून आल्या त्या नखशिखान्त भिजून. पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि कोरडं कार्ड माझ्यापुढे ठेवलं.