पाण्यात वाटलेला मसाला

गोव्यातील एका केटररकडे मी मांसाहारी पदार्थांचा आचारी आहे. लग्नाच्या ऑर्डरीत विंदालू असला की माझे खरे काम आदल्या रात्री असते, कारण डुकराचे मांस मसाला चोपडून रात्रभर मुरवल्यावर सकाळी चूल सांभाळण्याखेरीज फारसे काही उरत नाही. गेल्या हंगामात मात्र एका ऑर्डरीच्या रात्री मला दुसऱ्या हॉलवर जावे लागले आणि मसाला वाटण्याचे काम मी मदतनीस मुलावर सोपवले.

विंदालूचा मसाला पाण्यात वाटत नाहीत. लाल सुक्या मिरच्या, मिरी, लवंग, दालचिनी, जिरे, हळद, आले आणि भरपूर लसूण हे सारे व्हिनेगरमध्येच भिजवून व्हिनेगरमध्येच वाटायचे असते, आणि ते व्हिनेगरही माडाच्या सुरेचे, किंचित गढूळ आणि नाकाला न झोंबणारे असावे लागते. पदार्थाचे नावच हे सांगते. पोर्तुगीज भाषेत 'विन्या द'आल्यूश' म्हणजे वाइन आणि लसूण यांत मांस मुरवण्याची रीत. गोव्यात वाइनच्या जागी सुरेचे व्हिनेगर आले, इथल्या मिरीच्या जोडीला पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची बसली, आणि व्हिनेगरच्या आंबटपणामुळे मूळचा टिकाऊपणा तसाच राहिला. नावातल्या 'आलू'वरून बटाटे शोधणारे आणि इंग्लंडमधील हॉटेलांप्रमाणे विंदालू म्हणजे तिखटाची सर्वांत वरची पायरी समजणारे गिऱ्हाईक मला रोज भेटते. त्यांना समजावण्याचे मी आता सोडले आहे.

सकाळी 6 वाजता मी पातेल्याचे झाकण काढले, तेव्हा 25 किलो मांस कडेने अजून गुलाबीच होते. व्हिनेगरमध्ये नीट मुरलेल्या तुकड्याची कड पांढुरकी पडते आणि मसाला त्याला लेपासारखा धरून राहतो. इथे पातेल्याच्या तळाशी पातळ, लालसर पाणी सुटले होते. विचारल्यावर मुलाने सरळ सांगितले, "दादा, मिक्सर फिरत नव्हता, म्हणून पाणी घातलं. व्हिनेगर वरून ओतलं." तेही मोजकेच होते, कारण शेठनी सुरेच्या व्हिनेगरच्या बाटल्या मोजून दिल्या होत्या. मुलाला दोष देणे सोपे होते, परंतु पाणी का चालत नाही हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. फक्त वाटून ठेव, एवढेच सांगून मी निघून गेलो होतो.

उरलेली बाटली ओतून मी तो विंदालू नेहमीपेक्षा जास्त वेळ मंद आचेवर ठेवला. पाणी आटले, चरबी सुटली, वर लाल तवंग आला. चव उतरली होती असे मला वाटले, पण ती फक्त मलाच कळत होती. शेठ म्हणाले, "आजच संपणार आहे ना? मग झालं." वाढप झाले, लोकांनी मागून मागून घेतला, आणि मीही काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी वधूच्या आजींचा फोन आला. उरलेला विंदालू त्यांनी जुन्या रीतीप्रमाणे मातीच्या भांड्यात बाहेरच ठेवून रोज एकदा गरम केला होता, आणि त्या सकाळी भांड्याच्या कडेला फेस दिसला. सुदैवाने कोणी खाण्याआधीच त्यांनी तो फेकून दिला. शेठनी फोन स्पीकरवर ठेवून, उरलेले अन्न फ्रिजमध्येच ठेवायला हवे होते, असे त्यांना ऐकवले. हे चुकीचे नव्हते. मीही कोणालाही हेच सांगेन. पण आजींनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मसालो उदकांत वाटलो?"

शेठनी माझ्याकडे पाहिले. मी "होय" म्हणालो, पण ते पहिल्याच दिवशी कोणी न विचारता, उरलेले अन्न बांधून देताना सांगायला हवे होते, हे मला अजून सलते आहे. आजी रागावल्या नाहीत. नातवाच्या लग्नाची ऑर्डर तुम्हालाच देईन, पण व्हिनेगर माझ्या घरचे येईल आणि मसाला माझ्यासमोर वाटायचा, असे सांगून त्यांनी फोन ठेवला.