दहिवर

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

नाताळाआधीच्या आगमनकालाचा पहिला रविवार. चर्चमध्ये आम्ही सतरा जण, त्यात चार लेकरं. पाळकसाहेबांकडे पाच गावं आहेत, ते आज दुसरीकडे होते, म्हणून उपासना मीच चालवली. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली दोन गीतं झाली, वाचन झालं, मग मध्यस्थीची प्रार्थना. ती मी कधी कागदावर लिहून नेत नाही. ज्याला जे मागायचं ते त्यानं उभं राहून मागावं. आजारी माणसं झाली, दहावीची पोरगी झाली, आणि आमची आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "प्रभू, त्या परदेशी कापसाच्या गठाणी तिकडंच राहू दे," एवढंच म्हणाली आणि बसली. पोरं फिसकन हसली. मी डोळे उघडले नाहीत, पण हसू मलाही आवरेना.

तिचं तरी काय चुकलं? कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्रानं १९ ऑगस्टला काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबर केलं, म्हणजे आमचा कापूस घरी येण्याचे नेमके दिवस. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, खासगीत त्याहून हजारभर कमी. आत्याबाईला टक्के कळत नाहीत. नातू मोबाईलवर वाचतो, ती ऐकते, आणि ऐकलेलं रविवारी आणून देवापुढं ठेवते. राष्ट्रासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी मी दर रविवारी जी गुळगुळीत वाक्यं म्हणतो, त्यापेक्षा तिची गठाण बरी.

ऑक्टोबरात एका सभेला गेलो होतो, तिथल्या पाहुण्या वक्त्यानं सांगितलं की यंदाचा पाऊस लोकांच्या पापामुळे. तेव्हापासून ते डोक्यात घुमतंय. सप्टेंबरात नाल्याकाठचं माझं पाऊण एकर सोयाबीन पाण्यात बसलं, सरकारनं राज्यासाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आणि या माणसानं एका वाक्यात सगळ्यांचा निकाल लावला. चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, हिस्लॉपसाहेबांनी कोणतं पाप केलं होतं? १८४५ साली स्कॉटलंडहून नागपूरला आलेला मिशनरी, शाळा काढली, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही उभं आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना बोरीजवळ पुरात वाहून गेले. पाऊस नीतिमानावर पडतो तसाच अनीतिमानावर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलेलं आहे. वक्ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही फार वाचता." विषय तिथंच संपला.

मंगळवार, २ डिसेंबर, रात्री

सरकारी खरेदीत हमीभावानं कापूस द्यायला जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगेत आहे. हे मोबाईलवरच लिहितोय, बोटं आखडली आहेत. ॲपवर नोंदणी, सातबारा, ई-पीक पाहणी, सगळं पार पडून तारीख उद्याची मिळाली. पण सकाळी निघालो तर नंबर संध्याकाळी लागेल, म्हणून आजच ट्रॉली आणून लावली. पुढं चाळीसेक गाड्या असतील. ट्रॅक्टरवाला पोरगा इंजिनाच्या उबेला बसून झोपला आहे.

भीती एकाच गोष्टीची, दहिवराची. कापसात ८ टक्के ओलावा असेल तर पूर्ण भाव. त्यावर टक्क्यामागं टक्का कापतात. १२ च्या वर गेला की गाडी परत. घरून निघताना कापूस कडक होता, हातात चुरचुरत होता. पण अशा रात्री उघड्यावर उभी गाडी म्हणजे ताडपत्री कितीही बांधा, कडेनं ओल शिरतेच.

गाडीवर चढून दोर ताणताना गिदोन आठवला आणि एकटाच हसलो. बायबलमधलं शास्ते, सहावा अध्याय. संडे स्कूलला हा धडा मी दहा वेळा तरी शिकवला असेल. गिदोन खळ्यात लोकर ठेवतो आणि देवाला म्हणतो, दहिवर फक्त लोकरीवर पडू दे, जमीन कोरडी राहू दे. सकाळी लोकर पिळली तर वाटीभर पाणी. दुसऱ्या रात्री त्यानं उलटं मागितलं, लोकर कोरडी आणि सगळी जमीन ओली. पोरांना मी नेहमी सांगत आलो की देवाची अशी परीक्षा घेऊ नये, गिदोनाचा विश्वास कच्चा होता. आज ट्रॉलीवर बसून पहिल्यांदा लक्षात आलं की तोही शेतकरीच होता. शत्रू मिद्यानी लोक येऊन पीक खाऊन जायचे म्हणून बिचारा द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. अशा माणसाला ओलावा सोडून दुसरं काय सुचणार?

म्हणून मीही मागितलं, सरळ गिदोनासारखं. जमिनीवर पडू दे, गाडीवर नको.

मागच्या गाडीवाले काका खाली शेकोटीजवळ होते. शेजारच्याच गावचे, विठ्ठलाचे माळकरी. माझे ओठ हलताना त्यांनी पाहिले असणार. चहाचा कप वर देत म्हणाले, "तुमच्या देवाले माह्या गाडीचंई सांगजा भाऊ." मी म्हटलं सांगतो. कप परत दिला आणि पंचाईत झाली. दोन गाड्यांचं मागितलं तर त्यांच्या मागच्यानं काय करावं? त्याच्या मागच्यानं? शेवटी रांगेतल्या सगळ्या गाड्यांचं मागून मोकळा झालो. एवढ्या गाड्या सोडून दहिवर पडायचं तर गिदोनापेक्षा मोठं काम होतं, पण मागायला काय जातं.

बुधवार, ३ डिसेंबर

दहिवर पडलं. गाड्यांवर, रस्त्यावर, झोपलेल्या पोराच्या टोपीवर, सगळीकडे सारखं. माझ्या ताडपत्रीला मधोमध खळगा होता, त्यात पेलाभर पाणी साचलं होतं. बाहेर ओतताना वाटीभर पाण्याचं आठवलंच.

नंबर साडेदहाला लागला. धरमकाट्याच्या (हे नाव ज्यानं ठेवलं त्याला भेटायचं आहे) अलीकडेच ग्रेडर गाडी बघतो. त्यानं वरून नाही, मधून नाही, बरोबर खालच्या कोपऱ्यात हात घातला आणि मीटर खुपसला. १२.६. मी म्हटलं, साहेब, मधून बघा. त्यानं मधून बघितलं, ११.२. पण आकडा कोपऱ्याचाच धरला. वर विचारलं, "पाणी मारलं काय?"

रक्त उसळलं माझं. मी चर्च चालवतो, मी संडे स्कूल घेतो, असलं काहीतरी तोंडाशी आलं होतं. आलेलं गिळलं, कारण एका साली गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याचा काटा मारायचा धंदा सगळ्या गावाला ठाऊक होता, तेव्हा मीही रात्री गंजीवर दोन बादल्या मारल्या होत्या. ते कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहितोय.

गाडी बाजूला घ्यायला लावली. मागून काकांची गाडी आली. ११.३. पास. मला राग आला हे लिहून ठेवतो. प्रार्थना मी करायची, आणि कोरडा कापूस त्यांचा! देवाच्या कारभारातही असा टोकन घोटाळा असावा असं क्षणभर वाटलं.

काकांनी वजन करून पावती घेतली, गाडी रिकामी केली. मग घरी जायचं सोडून माझ्याकडे आले, त्यांच्या दोन्ही ताडपत्र्या घेऊन. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत आम्ही तिघांनी ट्रॉलीच्या कडेचा सगळा कापूस उन्हात पसरला. दर अर्ध्या तासाला उलटवला. काका मधेच थांबून गावातल्या कीर्तनाच्या गोष्टी सांगत होते, मी हं हं करत होतो. चारला पुन्हा लागलो. ११.८. क्विंटलमागं तीनशेच्या वर कापले, पण घेतला. काकांना म्हटलं, तुमचा दिवस गेला. म्हणाले, "राती तुमी माहं सांगतलं ना. मंग?"

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज वेचणीला सात बाया होत्या. उद्या ६ डिसेंबर, त्यांचा विहारात कार्यक्रम, दोघीजणी तर आजच्या रात्रीच्या गाडीनं चैत्यभूमीला निघणार. म्हणून आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवसाची वाट न बघता आजच द्यायची होती. किलोला १२ रुपये.

संध्याकाळी अंगणात काटा टांगला, बायको वही घेऊन बसली. आमच्या घरी बाबांपासून एक रीत आहे. सकाळची वेचणी दहिवरानं ओली असते, म्हणून गाठोड्यामागं एक किलो घट. बाबांनी कापली, मीही कापत आलो. कुणी कधी भांडलं नाही, आणि भांडलं नाही म्हणून ते बरोबर आहे असंच मी धरून चाललो होतो. बाबा चर्चचे वडील होते, प्रभुभोजनाला ताट त्यांच्या हातात असायचं. ते चुकीचं कशाला करतील?

पहिलं गाठोडं म्हाताऱ्या मावशींचं. काटा एकोणीसवर थांबला. मी तोंड उघडायच्या आधी त्याच म्हणाल्या, "अठरा लेहा बाई."

मी गाठोडं काट्यावरून काढलं आणि का कोण जाणे, गाठ सोडून आत हात घातला. खालच्या कोपऱ्यात. दिवसभराचं ऊन खाल्लेला कापूस होता, हातात चुरचुरला. मावशी माझ्याकडे बघत होत्या. ग्रेडरकडे मी बुधवारी कसा बघत होतो ते मला दिसलं नव्हतं, पण असाच बघत असणार.

"एकोणीस," मी म्हणालो.

बायकोनं पेन थांबवलं. तिचा हिशेब तिच्या तोंडावर दिसत होता. सात बाया, सात किलो, रोजचे चौऱ्याऐंशी रुपये, अजून दोन वेचण्या बाकी, आणि तिकडे क्विंटलमागं तीनशे आधीच गेलेले.

मावशींना वाटलं मी विसरलो. हसून म्हणाल्या, "काऊन भाऊ, आज दहिवर नाई पडलं काय?"