‘प्रोफाइलमध्ये खास काही नाही’ असं उत्तर आलं तर

लिंक्डइनवर कुणाकडे रेफरल, म्हणजे त्याच्या कंपनीत आपल्या नावाची शिफारस, मागितला की कधीकधी असं उत्तर येतं: "प्रोफाइलमध्ये खास काही दिसत नाही. करिअर पेजवर अप्लाय करा." डोकं फिरणं साहजिक आहे. पण नीट बघा, पहिलं वाक्य नुसता शेरा आहे आणि दुसऱ्यात माहिती. उत्तर द्यायचं ते माहितीला.

"नमस्कार सर, लगेच कळवलंत, आभारी आहे. आजच अर्ज भरतो. डेटा अ‍ॅनालिस्टच्या या जागेसाठी पहिल्या फेरीत जास्त भर एसक्यूएलवर असतो की पायथनवर?"

एवढंच पुरे. प्रश्नाचं उत्तर लिफ्टमध्ये उभ्याउभ्या एका शब्दात देता आलं पाहिजे. "थोडं मार्गदर्शन करा" असं लिहिलं की मेसेज पडून राहतो, कारण नेमकं काय सांगायचं हे शोधायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडतं.

बिघडतं ते बहुतेक वेळा "पण सर" पासून. त्यामागे टक्केवारी, सर्टिफिकेटं, सहा ओळींचा खुलासा येतो आणि सगळा सूर तक्रारीचा होतो. "तरीही धन्यवाद" सुद्धा नको, त्यातला टोमणा लगेच कळतो. राग आला असेल तर मजकूर फोनच्या नोट्समध्ये लिहा आणि सकाळी पुन्हा वाचा. मेसेज पाठवल्यावर थोडा वेळ बदलता येतो हे खरं, पण समोरच्यानं तो तोवर वाचलेलाही असतो. उत्तर आलं नाही, तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, तीही नवीन सांगण्यासारखं काही असेल तरच.

समोरासमोर इतका वेळ मिळत नाही. मीटअपमध्ये कुणी म्हणालं, "अच्छा, सपोर्टला आहात? म्हणजे कोडिंग नाही," तर "नाही नाही, थोडं करतो" असं सारवासारव करू नका. रोजचं काम सांगा: "हो, प्रॉडक्शन सपोर्ट. रात्री पेमेंट अडकलं की लॉग वाचून कारण शोधतो. तुमच्याकडे हे कोण बघतं?" आवाज नेहमीचाच ठेवा. बोलणं कामावर आलं की बरेच जण खरंच उत्तर देतात.

मात्र जात, बोलण्याचा ढंग, "लग्न झालंय, मग रात्रपाळी कशी जमणार" यावर शेरा आला, तर तिथे गोड बोलायची काहीच गरज नाही. "हा प्रश्न कामाशी संबंधित नाही," असं एकदा स्पष्ट सांगा आणि थांबा. मेसेजमध्ये असेल तर स्क्रीनशॉट काढा, रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. ब्लॉक केल्याची सूचना त्या माणसाला जात नाही.