कोल्हापूरचं बिल, बेळगावचा पत्ता : बंद पडलेल्या एसएसडीचे ४७ दिवस

आधी कामाचं सांगतो, कारण हे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. कॉम्प्युटर जुळवून घेताना दुकानदाराकडून प्रत्येक भागाची वेगळी ओळ आणि त्यासमोर सिरियल नंबर असलेलं बिलच घ्या. "असेंबल्ड पीसी, १ नग" एवढीच ओळ लिहून हातात दिलं, तर काउंटरवरून हलू नका. बंद पडलेली एसएसडी, म्हणजे फाईली साठवणारी ड्राइव्ह, वॉरंटीत बदलून घ्यायला माझे ४७ दिवस गेले, त्यात ती एक ओळही आडवी आली.

मी बेळगावच्या शहापुरात राहतो. लग्नाचे, वास्तुशांतीचे आणि मंडळांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करतो. खानापूर, चंदगड, निपाणी, सगळीकडचे फोटोग्राफर माझ्याकडे काम पाठवतात. सप्टेंबर २०२३ मध्ये जुनं यंत्र काढून चांगल्यातला डेस्कटॉप घ्यायचं ठरवलं. मला पाहिजे ते ग्राफिक्स कार्ड त्या आठवड्यात बेळगावात नव्हतं, कोल्हापुरात होतं. आत्या तिथेच राहते, म्हणून गेलो. प्रोसेसर ३८,०००, ग्राफिक्स कार्ड ६०,०००, ६४ जीबी रॅम १८,०००, मदरबोर्ड १८,०००, २ टीबीची एसएसडी १४,०००, पॉवर सप्लाय ९,०००, कॅबिनेट ७,०००, कूलर ५,००० आणि यूपीएस ८,०००. एकूण १,७७,०००. त्यातले २७,००० नुसते जीएसटीचे. स्क्रीन जुनीच ठेवली. सोसायटीचं कर्ज काढून घेतलेलं यंत्र होतं ते, आणि दीड वर्ष त्यानं मला एकदाही दगा दिला नाही.

बेळगावात शिवजयंती वैशाखातल्या तिथीने होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. मे २०२५ मध्ये एका मंडळाचं चित्रीकरण माझ्याकडे होतं. तीन कॅमेरे, ६४० जीबी फुटेज. मिरवणुकीनंतर चौथ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावला तर तो थेट बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, पडद्यावर गेला. ड्राइव्हच्या यादीत काहीच नाही. एसएसडी काढून परत बसवली, दुसऱ्या खाचेत लावली, मित्राच्या यंत्रात घातली, यूएसबीच्या डबीत घालून पाहिली. कुठेच दिसली नाही.

हार्ड डिस्क जायच्या आधी बहुधा कटकट वाजते, फाईल उघडायला वेळ लागतो, माणसाला कळतं. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत मी त्याच ड्राइव्हवर काम केलं होतं आणि सगळं नेहमीसारखं पळत होतं.

बरेच जण विचारतात, "लिहून लिहून झिजली काय वो?" नाही. चिपमधल्या प्रत्येक कप्प्याला ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं, हे खरं आहे. म्हणून कंपनी टीबीडब्ल्यू म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा देते. माझ्या ड्राइव्हचा आकडा १,२०० होता. मार्चमध्ये मी ड्राइव्हची तब्येत आणि सिरियल नंबर दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून पाहिलं होतं, तेव्हा लिहिणं ७१ टेराबाइट झालं होतं. म्हणजे सहा टक्के. झिजायला अजून कितीतरी वर्षं होती. गेला तो बहुधा कंट्रोलर. कुठली फाईल कुठल्या चिपमध्ये ठेवली याचा हिशोब ठेवणारा तोच, तो गेला की चिपा शाबूत असूनही आतलं काही हाती लागत नाही. तेव्हा "अमुक इतके टीबीडब्ल्यू आहेत, दहा वर्षं बघायला नको" असं दुकानात कुणी सांगितलं, तर तो आकडा फक्त झिजण्याचा आहे, अचानक जाण्याचा नाही, एवढं लक्षात असू द्या.

मार्चमधल्या त्या पडद्याचा फोटो मी एका मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्या फोटोनंच मला पुढे तारलं. ते येतंच.

ड्राइव्हला पाच वर्षांची वॉरंटी होती. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या साइटवर फॉर्म भरला. सिरियल नंबर टाकायचा म्हणून ड्राइव्हकडे पाहिलं तर स्टिकर अर्धवट फाटलेलं. मदरबोर्डवर एसएसडीसाठी धातूची पट्टी असते, हीटसिंक. तिच्या खालचं रबरासारखं पॅड उष्णतेनं स्टिकरला घट्ट चिकटतं आणि पट्टी उचलताना स्टिकर सोलून येतं. माझं तसंच झालं, शेवटचे चारच अक्षर-आकडे शिल्लक होते. नंबर मिळाला तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतून. फॉर्ममध्ये ५९० ने सुरू होणारा पिन कोड टाकला, राज्य कर्नाटक आपोआप आलं, बिल जोडलं, वॉरंटीच्या मागणीचा क्रमांक मिळाला. जवळच्या केंद्रात जमा करा, असा मेसेज आला.

बेळगावातल्या काउंटरवरचा मुलगा कानडी होता. मी कानडीतच बोललो, त्यानं चांगलं ऐकून घेतलं. मग बिल पाहिलं. जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्र. आपल्याकडचा २९. तो म्हणाला, महाराष्ट्राचं बिल इथं जमा होत नाही, कोल्हापूरला द्या.

नवव्या दिवशी कोल्हापूर. एसटीनं जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, दिवस मोडला. तिथले साहेब म्हणाले, "घेतलं असतं की, खरं तुमची मागणी कर्नाटकात उघडली आहे. आमच्या सिस्टीममध्ये दिसतच नाही. इकडचा पत्ता घालून नवी भरा." आत्याच्या घरी बसून तिचा पत्ता घातला आणि पुन्हा फॉर्म भरला. उत्तर आलं : या सिरियल नंबरची एक मागणी आधीच सुरू आहे. मग जुनी बंद करा म्हणून ईमेल. ७२ तासांत उत्तर देऊ, असं आपोआप आलेलं पत्र. बहात्तर तासांनी पुन्हा तेच पत्र. फोन लावला तर राज्य निवडायला सांगायचे. कर्नाटक निवडलं की "बिल महाराष्ट्राचं आहे", महाराष्ट्र निवडलं की "मागणी कर्नाटकातली आहे". असे आठ दिवस गेले. मे महिना, लग्नाची कामं तुंबलेली, आणि एक लाख सत्त्याहत्तर हजारांचं यंत्र टेबलावर नुसतं उभं. त्यातल्या चौदा हजारांच्या, च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या तुकड्यासाठी.

सीमेवरच्या माणसाला हे नवीन नाही. बाजार कोल्हापूरचा, घर बेळगावचं, नातीगोती दोन्हीकडे. आम्ही दोन्हीकडे वावरतो. फॉर्ममध्ये मात्र राज्याचा रकाना एकच असतो. मला राग त्या मुलांचा नाही आला. विकताना "देशभर कुठेही वॉरंटी" म्हणून पेटीवर छापायचं आणि घेताना राज्य विचारायचं, याचा आला, आणि अजून आहे.

सतराव्या दिवशी जुनी मागणी एकदाची बंद झाली. नवी भरली. पुन्हा कोल्हापूर. आता साहेबांनी बिल नीट वाचलं. "यात एसएसडीचा उल्लेखच नाही वो. ही एसएसडी त्याच पीसीतली, हे कसं कळणार?" पेटी दाखवावी तर ती दुकानातच राहिली होती. (पेट्या घरी आणा. बहुतेक पेट्यांवर आतल्या भागाचाच सिरियल नंबर छापलेला असतो.)

तिथून सरळ ज्यांच्याकडून पीसी घेतला त्या दुकानात गेलो. मालक आधी वैतागले, दीड वर्षापूर्वीचं कोण शोधणार म्हणाले. मी म्हटलं, "मालक, तुम्ही डीलरकडून माल घेता तेव्हा त्यांच्या बिलावर सगळे नंबर असतात की. ते एकदा बघा." हे मला बेळगावातल्या एका दुरुस्तीवाल्यानं सांगून ठेवलं होतं. तासाभरात त्यांच्या खरेदीच्या बिलावर माझा नंबर सापडला. मग त्यांनीच लेटरहेडवर, शिक्का मारून, "सदर क्रमांकाची एसएसडी आमच्या अमुक बिलातील पीसीमध्ये बसवून दिली आहे" असं लिहून दिलं. चहा पाजला. तुमचं बिल एका ओळीचं असेल तर आजच असं पत्र घेऊन ठेवा. दुकान बंद पडलं किंवा मालक बदलले, तर मग कुणाकडे मागणार?

चोविसाव्या दिवशी ड्राइव्ह जमा झाली. एकतिसाव्या दिवशी नकार आला. कारण : स्टिकर फाटलेलं आहे, म्हणजे ग्राहकाकडून नुकसान.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी १९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, मी बोललो. तक्रार क्रमांक लगेच मेसेजने आला. कंपनीलाही वेगळं पत्र लिहिलं. त्यात राग घातला नाही, तारखा घातल्या. मदरबोर्डच्या माहितीपुस्तकात हीटसिंक लावा असं लिहिलेलं पान जोडलं, मार्चमधला फोटो, दुकानदाराचं पत्र आणि पॅडला चिकटलेल्या स्टिकरच्या तुकड्याचाही फोटो. तो तुकडा मी फेकला नव्हता, हे फार बरं झालं. शेवटी लिहिलं की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. म्हणजे बिल कोल्हापूरचं असलं तरी मी तक्रार बेळगावातच करणार. हे वाक्य लिहिताना किती दिवसांनी छाती मोकळी झाली, सांगता येत नाही.

एकोणचाळिसाव्या दिवशी कंपनीतून फोन आला. आवाज नम्र होता, राज्य विचारलं नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी बदली ड्राइव्ह शहापुरात घरपोच आली. पाच वर्षं नव्यानं सुरू होत नाहीत, उरलेलीच मिळतात. माझी सप्टेंबर २०२८ पर्यंत.

फुटेजचं विचाराल तर दोन कॅमेऱ्यांची कार्डं पुसायची राहिली होती म्हणून ते परत मिळालं. तिसरा कॅमेरा भाड्याचा होता, त्याची कार्डं पुसलेली. पहाटेची दोन तासांची मिरवणूक गेली. डेटा काढून देणाऱ्या एका लॅबनं ४५,००० सांगितले, तेही खात्रीशिवाय. शिवाय वॉरंटीत दिलेली ड्राइव्ह परत येत नाही आणि लॅबनं उघडलेली ड्राइव्ह सहसा वॉरंटीत घेत नाहीत. डेटा की वॉरंटी, बहुधा एकच निवडावं लागतं. मी मंडळाच्या अध्यक्षांना घरी जाऊन खरं ते सांगितलं आणि त्या दोन तासांचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून कार्डं पुसायच्या आधी दोन प्रती होतात. एक एसएसडीवर, एक साध्या हार्ड डिस्कवर. दोन्ही प्रती एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या एसएसडींवर ठेवू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या सर्व्हरच्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता. फर्मवेअरमधल्या, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्राममधल्या, चुकीमुळे त्या चालू अवस्थेत ३२,७६८ तास भरले की बंद पडायच्या, आणि एकदम बसवलेल्या ड्राइव्ह जवळपास एकदमच. जुनी लग्नं कपाटात वर्षानुवर्षं एसएसडीवर ठेवणंही चुकीचं आहे, वीज न मिळता चिपांमधला भार हळूहळू गळतो. त्यासाठी हार्ड डिस्कच.

वळवाच्या दिवसांत आपल्याकडे वीज दहादा लुकलुकते. घरगुती एसएसडीत अचानक वीज गेली तर हातातलं लिहिणं पुरं करायला लागणारे, थोडी वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर बहुतेक नसतातच. यूपीएसचे आठ हजार वाचवू नका, ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव फार चढलेत, कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे चालला आहे. मेमरी चिपा बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाची किरकोळ विक्रीच थांबवत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी वॉरंटीतली ड्राइव्ह कंटाळून सोडून देऊ नका, आज तशीच घ्यायला जास्त पैसे पडतील.

परवा खानापूरच्या एका फोटोग्राफर मित्राचा पीसी घ्यायला सोबत गेलो होतो, बेळगावातच. बिलावर बारा ओळी करून घेतल्या, प्रत्येकीसमोर नंबर. एसएसडी बसवण्याआधी तिच्या स्टिकरचा फोटो काढला आणि हीटसिंक लावताना दुकानातल्या पोराला थांबवून मित्रालाही दाखवला. पेट्या दोन पोत्यांत भरून त्याच्या गाडीत टाकल्या.