एक्क्याऐंशी सुपाऱ्या

12345678987654321. ही संख्या एक्सेलच्या चौकटीत लिहून बघा. शेवटचे 21 गिळून तो तिथे दोन शून्यं ठेवतो. पंधराच्या पुढचे आकडे त्याला पेलत नाहीत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या स्थानांच्या यादीत हिचा पहिला एक ‘मध्य’ या सतराव्या स्थानावर बसतो. पुढे उरतो फक्त परार्ध.

एवढी अवाढव्य संख्या, पण ती म्हणजे 111111111 चा वर्ग. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचं, बस्स.

अशा संख्यांना गणिती द. रा. कापरेकर ‘डेमलो संख्या’ म्हणत. डेमलो हे मुंबईजवळचं, जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या आधीच्या, काळातलं स्टेशन. कल्पना तिथे सुचली म्हणून त्याचं नाव दिलं. एखाद्याने स्वतःचं नाव चिकटवलं असतं! कापरेकरांचा जन्म 1905 सालचा, डहाणूचा. पुढे आयुष्यभर देवळालीला शाळामास्तरकी. 1927 साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, आणि ते परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. आमच्या किनाऱ्याला आंब्याइतकाच हाही मोहर येतो, फक्त त्याची पेटी भरत नाही.

हा वर्ग असा देखणा का येतो, ते पुतण्याला कागदावर पटेना. खळ्यात असोल्या सुपाऱ्या वाळत होत्या. म्हटलं, नऊ सुपाऱ्यांची एक ओळ लाव. तिच्याखाली दुसरी नऊची, पण एक घर डावीकडे सरकवून. अशा नऊ ओळी. गुणाकार मांडताना आपण हेच तर करतो. आता उभे रकाने मोज. उजव्या टोकाला एक, मग दोन, तीन, वाढत वाढत मधोमध नऊ, आणि पुन्हा उतरत एक. संख्या खळ्यात आडवी पडलेली! सगळे अंक मिळवले तर 81, कारण सुपाऱ्याच मुळी तेवढ्या.

काकू ओटीवरून म्हणाली, “मोजून झाल्या असतील तर पसरून ठेवा. ऊन जातंय.”

पण पोराला दहावी ओळ हवी होती. दहा-दहाच्या दहा ओळी लावल्या की मधल्या रकान्यात दहा सुपाऱ्या येतात, म्हणजे शून्य लिहून हातचा एक. तो शेजारच्या नवात पडला की त्याचेही दहा, पुन्हा हातचा. उत्तर येतं 1234567900987654321. आरसा फुटला. सुपाऱ्या शंभर, पण अंकांची बेरीज 82. दर हातच्याला दहांचा एक होतो, नऊ गळतात. दोन हातच्यांत अठरा गेले.

आता मूळ संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, 81 ने, भागा. भाग निःशेष जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं. भागाकार 152415789971041, आणि तो 12345679 चा वर्ग. यात आठ नाही. पुतण्याने तेवढं बरोबर हेरलं, आणि दहा ओळींच्या उत्तराची सुरुवातही तशीच आहे हेही. तिथला आठ हरवलेला नाही. नवाचे दहा झाले तेव्हा त्यांनी हातचा पुढे ढकलला, आणि आठाचे नऊ झाले.

“मग अकरा ओळी लावल्या तर?” त्याने विचारलं. काकूने सूप उचललं होतं, म्हणून तो कागदाकडे वळला.